गवंड्याच्या मुलानं कोणता ट्रेड घ्यावा?

बारावीचे निकाल लागले की बांधकामावर जाणारे पालक माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येतात आणि हमखास विचारतात, "मशीन आल्यावर लेकराच्या हाताला काम राहील का?" जिंतूर तालुक्यातले एक गवंडी काका असेच मुलाला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुट्टीत मुलगा त्यांच्याच हाताखाली काम करायचा. काकांनी मोबाइलवर वीट रचणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. "मॅडम, ह्याच्या हातात थापी देऊ का नको? का सरळ पुण्याला कंपनीत धाडू?"

मुलाने आकडे शोधून आणले होते. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी 2013 साली अमेरिकेतल्या 702 व्यवसायांना यंत्राचा धोका किती, याचा अंदाज मांडला. त्यात इलेक्ट्रिशियन 15 टक्के, प्लंबर 35, सुतार 72 आणि वीटकाम करणारा गवंडी 82. "म्हणजे बाबांचं काम गेलंच ना?"

मी त्याला सांगितलं, हे काम यंत्राने करणं तंत्राच्या दृष्टीने शक्य आहे का, एवढंच हा आकडा सांगतो. ते कधी होईल, जिंतूरच्या ठेकेदाराला परवडेल का, याचं उत्तर त्यात नाही.

मग काकांनाच विचारलं, तुमच्या डोळ्यांदेखत काय बदललं? ते खुलून बोलले. आधी स्लॅबला घमेली देणाऱ्यांची रांग लागायची, आता शहरात आरएमसीची (तयार कालवलेल्या काँक्रीटची) गाडी येते, पंप लागतो. संभाजीनगरच्या एका मोठ्या साइटवर ॲल्युमिनियमचं शटरिंग (साचे) लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले. वीट नाही, आत गिलावा नाही, सेंट्रिंगचा सुतारही नाही. सळई कापून, वाकवून कारखान्यातूनच येते. रोबो जिल्ह्यात कुणी पाहिलेला नाही, तरी बिगारी आणि गिलाव्याचं काम घटलं ते असं.

माझ्या मते ट्रेडचं, म्हणजे आयटीआयतल्या कोर्सचं, नाव पाहण्याआधी काम कुठे चालतं ते पाहावं. एकसारखे मजले, सपाट भिंती, तेच तेच काम असेल तिथे पद्धत बदलते आणि माणसं कमी लागतात. जुन्या घरात ओल कुठून येते ते शोधणं, वाड्याच्या मातीच्या भिंतीतून वायर नेणं, तुंबलेली लाइन मोकळी करणं, इथे प्रत्येक घर वेगळं. बंगळूरला 2023 मध्ये थ्रीडी प्रिंटरने पोस्ट ऑफिस उभं राहिलं, पण प्रिंटर काँक्रीटचे थर घालतो, नळ आणि वायरिंग जोडत नाही.

मुलाचा कल इलेक्ट्रिशियनकडे होता. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स, पुढे अप्रेंटिसशिप. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतावर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे, म्हणजे काम आहे. पण याच ट्रेडला गर्दी मोठी, आणि परवाना काढला नाही तर मुलं वर्षानुवर्षं हेल्परच राहतात. प्लंबरचा कोर्स एका वर्षाचा. तिकडे मुलं वळत नाहीत, कारण संडासाच्या लाइनीला हात लावायची घरच्यांना लाज वाटते. या लाजेपायी चांगली कमाई सोडलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. काकांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "चुन्या-सिमेंटात जन्म गेला माझा, मला कसली लाज?"

मुलाने दोन्ही ट्रेडचे पर्याय भरायचं ठरवलं. फरशी आणि लेव्हलचं बापाचं कसब मात्र सुट्टीत शिकत राहा, असं मी बजावलं; बाथरूमचा उतार चुकला की प्लंबरची मेहनत वाया जाते.

उठताना काकांनी स्वतःबद्दल विचारलं. त्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीच नव्हती. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असला की ती होते, आणि मुलांच्या शिक्षणाला मंडळाचं अर्थसहाय्यही मिळतं. ठेकेदाराकडून दाखला आणायला ते त्याच दुपारी गेले.