बाग नातीच्या नावे करू का?

प्रश्न : आम्ही दोघं वेंगुर्ल्याजवळ राहतो. मी निवृत्त शिक्षक, पेन्शन 41 हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख आहेत, त्याला सव्वादोन वर्षं झाली. बँकेत तीन-तीन लाखांच्या तीन एफडी, शिवाय हापूसची साठेक कलमं. लेक-जावई टेक्सासला, दोघंही तिकडचे नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे. 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत त्यांना विदर्भातल्या संस्थेतली साडेतीन वर्षांची मुलगी मिळाली आहे. दत्तक आदेश झाला की पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत तिघं आमच्याकडे राहतील. बचत योजना मोडून लेकीला 12 लाख द्यावेत, 3 लाखांत थाटात बारसं करावं आणि बाग बक्षीसपत्राने नातीच्या नावे करावी, असं मनात आहे. हिने तर झबलं शिवायला घेतलं होतं. पोर साडेतीन वर्षांची आहे हे आठवलं, तेव्हा उसवून फ्रॉकचं कापड आणलं.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. पत्रात तीन खर्च लिहिलेत, पण लेकीने पैसे मागितलेत का, ते कुठेच नाही. मी तुम्हाला फोनवर विचारलं तर म्हणालात, "ती काय मागणार? 'आम्ही बघतो' म्हणते." म्हणजे 12 लाखांचा आकडा तुमचा आहे, तिचा नाही. आधी तिला सरळ विचारा की कुठे अडतंय.

माझा अंदाज सांगतो. तिकडची एजन्सी, गृहभेट अहवाल, इकडच्या संस्थेचा बालसंगोपन निधी हे पैसे बहुतेक भरून झाले असतील. शिवाय अमेरिकेत दत्तकाच्या खर्चावर करसवलत मिळते. 2025 सालासाठी ती एका मुलामागे कमाल 17,280 डॉलर आहे, आणि त्यातले 5,000 डॉलरपर्यंत कर कमी असला तरी हातात मिळू शकतात. मात्र मूल परदेशातलं असेल तर दत्तक कायदेशीरपणे पूर्ण झाल्याशिवाय ही सवलत मागता येत नाही. उत्पन्न फार मोठं असेल तर ती कमी होत जाते, ते त्यांच्या करसल्लागाराला विचारावं. थोडक्यात, मोठा खर्च बराचसा भरून निघण्यासारखा आहे, फक्त उशिरा.

भरून निघत नाही तो घरी बसण्याचा काळ. तिकडच्या केंद्रीय कायद्याने मोठ्या कंपनीतल्या माणसाला दत्तकासाठी 12 आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी. टेक्सासमध्ये सगळ्यांना लागू होणारी पगारी रजा नाही. ही पोर आजवर प्रत्येक बाईला 'ताई' म्हणत आली असेल. त्या गर्दीतली एक ताई म्हणजे आपली आई, हे तिला उमगायला आई दिवसभर समोर दिसावी लागते. सहाव्या आठवड्यात हप्त्यांच्या धास्तीने लेक कामावर परतू नये, यासाठी पैसे द्या. एक एफडी, म्हणजे 3 लाख, फार तर दोन. भेट म्हणून द्या आणि विसरा. उसने म्हणाल तर दर फोनला ते मध्ये येतील.

बचत योजनेला हात लावू नका. तिच्यातून थोडे पैसे काढून बाकीचे ठेवता येत नाहीत, खातं अख्खंच बंद करावं लागेल. दोन वर्षं उलटल्यामुळे 1 टक्का, म्हणजे 15 हजार कापले जातील. ते एक वेळ सोसता येईल. पण 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 रुपये बंद होतील, आणि या वयात ते तुमच्या औषधांचे आहेत. मोहोर करपला त्या वर्षी कलमं काही देत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगावं!

पाठवण्याबद्दल एवढंच की एका आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाखांच्या वर परदेशी भेट पाठवली, तर वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. रिटर्न भरल्यावर तो कर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. माझ्या आकड्यात तुमचा तो प्रश्नच येत नाही.

आता बाग. परकीय चलन कायद्याखालच्या नियमांनुसार ओसीआय असलेल्या माणसाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. नात दत्तक-व्हिसावर अमेरिकेत उतरली की आपसूक तिकडची नागरिक होईल. "मग ती इथे आहे तोवरच उरकून टाकू," असं तुम्ही म्हणालात. नको! अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलीच्या नावावर सातबारा गेला, की पुढे काही विकायचं झालं तर न्यायालयाची परवानगी लागते. आणि उद्या काकींना पैशांची गरज पडली तर? बाग तुमच्याच नावावर राहू दे. मृत्युपत्र करा, आधी पत्नीला, नंतर लेकीला आणि नातीला. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे भाऊबंद मी पाहिलेत, म्हणून करून घ्या. त्यात 'नातवंडं' असं मोघम लिहू नका. दत्तक आदेशातलं तिचं पूर्ण नाव घाला. आदेशाच्या दिवसापासून ती कायद्याने लेकीचीच मुलगी आहे, त्यामुळे हक्काचा वाद टिकणार नाही. पण वाद घालणाऱ्याला टिकण्याची गरज कुठे असते?

बारशाचे 3 लाख मला पटत नाहीत, आणि कारण फक्त पैशांचं नाही. ज्या पोरीला आई-बाबांची ओळख होऊन आठ-दहा दिवस झालेत, तिला तीनशे माणसांत या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायचं? नाव तर तिला आहेच, त्या नावाला ती 'ओ' देते. रवळनाथाला गाऱ्हाणं घाला, घरच्यांना जेवायला वाढा. गावजेवण दोन वर्षांनी ती चाकरमान्यांसारखी मे महिन्यात येईल तेव्हा घाला. तेव्हा ती स्वतःच पानं मांडेल.

त्यापेक्षा उरलेल्या एफडीतले थोडे घरावर घाला. तुमच्या परसातल्या विहिरीचा कठडा मी पाहिलाय, साडेतीन वर्षांच्या पोराच्या छातीलाही लागत नाही. वर लोखंडी जाळी बसवून घ्या, आणि शौचालय पडवीच्या टोकाला आहे ते रात्रीसाठी आत आणता आलं तर बघा. व्हिसासाठी त्यांना दिल्लीची फेरी पडेल, तिकिटं तुम्ही काढलीत तर लेक नाही म्हणणार नाही. जाळीचं काम मात्र ती यायच्या आधी उरका, वेल्डर पावसात येत नाही.