जुन्या संस्कृतींवरून आजच्या समाजाबद्दल खरंच काही कळतं का?

तुमचा प्रश्न असा की हजारो वर्षांपूर्वीच्या संस्कृती अभ्यासून आजच्या समाजाबद्दल काही कळतं, की नुसतं 'आपण किती महान होतो' एवढंच. कळतं हो, पण राजवाडे नि मूर्ती बघून फार नाही. पाणी कुठून यायचं आणि धान्याचं कोठार कुणाच्या दाराशी होतं ते आधी बघा. मी खान्देशातला, केळीपट्ट्यातला, त्यामुळे माझी नजर पाण्याकडेच जाणार म्हणा.

पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव घ्या, तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, बाकी घरं साधी आणि एक घर पाच खोल्यांचं, त्याच्या शेजारीच कोठार, म्हणजे प्रमुखाचं घर असणार असं संशोधक म्हणतात. नदीचं पाणी वळवायला पाट काढलेला, तोही सापडलाय. मग इसपू 1000 च्या पुढे पाऊसमान घटलं असं मानतात, चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या आणि इसपू 700 च्या आसपास गाव उठलं. एका रात्रीत नाही बरं का, दोनतीनशे वर्षं लागली, त्यातल्या कुठल्याच पिढीला आपण बुडतोय असं वाटलं नसेल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, दक्षिणेकडे तर पाणी देऊन देऊनच जमिनीत खार चढला, गहू मागे पडला नि खार सोसणारा जव वाढला.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावीही तापीकाठी अशीच जुनी वस्ती निघालीय, 1955 च्या सुमारास खोदली होती, पण केदारेश्वराला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं देव जाणे.

आता धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत बघा, ती एवढी प्राचीन नाही, तीनचारशे वर्षांची, पण मुद्दा तिथेच कळतो. बंधाऱ्याखालची जमीन तीनचार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी, म्हणजे पाटावर नेमलेला माणूस, देणार, आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळे टंचाईत एखादा फड पडीक ठेवला तर झळ पाटलालाही आणि लहान शेतकऱ्यालाही. इनामगावात कोठार एका दाराशी, इथे तोटासुद्धा वाटून घेतलेला.

आणि आमच्याकडे आज? रावेर-यावलला बोअर दरवर्षी खाली खाली चाललेत, ज्याच्याकडे पैसा तो अजून खोल जातो आणि बांधाला लागून असलेल्याची विहीर आटते, तो बिचारा शेत विकून सुरतेला कामाला. कोठार कुणाच्या दाराशी आहे हे बघायला खोदकाम कशाला पाहिजे, गावातले बंगले मोजा ना.

इनामगावच्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये आहेत, जमलं तर जाऊन या.