कारण सापडत नाही, पण जीव घाबरतो

गेल्या दोन महिन्यांच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली. कुणी ‘हुरहुर’ म्हणतं, कुणी ‘घालमेल’, कुणी ‘उगाचच धाकधूक’. त्यांतली पाच पत्रं नावगाव गाळून आणि थोडी कापून इथे घेतली आहेत. उत्तरं आमच्या सदरातल्या मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी 43 वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पाच महिने झाले, रोज केव्हातरी छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं. पहाटे चारला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. घरी सगळं ठीक आहे. नोकरी कायम, मुलं शहाणी, घराचं कर्ज गेल्याच वर्षी फिटलं. ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल आले. मिस्टर म्हणतात, ‘तुला दुःख तरी कशाचं आहे?’ मला उत्तर देता येत नाही. कारणच सांगता येत नसेल तर डॉक्टरांपुढे बसून बोलायचं काय?

उत्तर : आम्हाला लिहिलंत तेच. एवढ्या मजकुरावर कोणताही चांगला डॉक्टर कामाला लागू शकतो. दाढ ठणकते तेव्हा ती का किडली याचा छडा लावून मग कुणी दवाखान्यात जात नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण आधी कारण हातात हवं असा हट्ट धरतो, आणि या हट्टापायी लोकांची वर्षं जातात.

शिवाय शोध स्वतःच त्रास वाढवतो. ‘आज का होतंय?’ म्हणून आपण छातीवर लक्ष ठेवतो. लक्ष ठेवलं की एरवी जाणवलेही नसते असे ठोके जाणवतात, त्याने घाबरायला होतं आणि ठोके आणखी वाढतात. धोका ओळखून शरीराला सज्ज करणारी यंत्रणा काहींच्या बाबतीत फार हलकी होते, जरा धक्का लागला की सुरू. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, अपुऱ्या झोपेचा, हार्मोन्सचा, आणि वर्षानुवर्षं ओढलेल्या ताणाचाही. ताण चालू असताना माणूस उभा राहतो आणि ओझं उतरल्यावर ढासळतो, हे दवाखान्यात नेहमी दिसतं. तुमचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, हे डॉक्टरांना जरूर सांगा. पण तेच कारण आहे का यावर घरी खल करत बसू नका.

आधी शरीराची बाजू तपासून घ्या. हृदयाचं झालं आहे. राहिलं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-12 आणि साखर. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हुबेहूब असंच होतं. सोबत हात थरथरतात, उकडतं, भूक असूनही वजन उतरतं. थायरॉइडची गोळी चालू असून तिची मात्रा जास्त होत असेल तरीही हेच. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या आणि स्टेरॉइड यांनीही धडधड होते, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी चिठ्ठीवर लिहा, आयुर्वेदिकसुद्धा. तुमच्या वयात पाळी मागेपुढे होऊ लागली असेल तर तेही नोंदवा. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत घाबरल्यासारखं होणं आणि झोप तुटणं दोन्ही वाढतं.

चहाबद्दल आम्ही विचारणारच. दिवसात किती कप, आणि पहिला कधी? शाळेत मधल्या सुट्टीतला चहा, घरी आल्यावरचा, कुणी आलं तर आणखी एक, असं करत आकडा सहावर जातो आणि माणूस सांगतो ‘दोनदाच घेते’. उपवासाच्या दिवशी पोट रिकामं आणि चहा दुप्पट, तेव्हा त्रास वाढतो का, बघा. एकदम बंद करू नका, दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोनवर या, आणि दुपारी दोननंतर नको.

पहाटे चारच्या जागेला आम्ही जास्त महत्त्व देतो. रात्री झोप लवकर न लागणं हे काळजीचं नेहमीचं लक्षण. पण झोप लागून पहाटे तुटणं आणि सकाळचे तास सर्वांत जड जाणं, यामागे उदासीनतेचा आजार असू शकतो, आणि तो घालमेलीच्या रूपात पुढे येतो. ‘मला दुःख नाही’ असं म्हणणाऱ्यांतही तो सापडतो. आवडत्या गोष्टीत मन लागतं का, वर्गात मुलांसमोर हसू येतं का, हे स्वतःला विचारा. जगणं नकोसं वाटल्याचा विचार एकदाही आला असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जाताना पाठपोट एक कागद न्या. कधीपासून, आठवड्यात किती दिवस, एका वेळी किती वेळ, झोपेचे तास, चहा-तंबाखू-मिशरी, गोळ्या, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, आणि या त्रासामुळे तुम्ही काय करायचं सोडलंत. शेवटची ओळ सर्वांत कामाची. ‘पालकसभेत बोलणं टाळते’, ‘एकटी बाजारात जात नाही’ यावरून डॉक्टरांना दहा लक्षणांपेक्षा जास्त कळतं. दवाखान्यात बहुधा जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची यादी देतील. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, त्याला 0 ते 3 गुण, बेरीज जास्तीत जास्त 21. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी हवी. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. दोन महिन्यांनी पुन्हा भरल्यावर फरक पडला की नाही ते मोजायला तो उपयोगी.

प्रश्न : वय 29, आयटीत नोकरी. दीड महिन्यापूर्वी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अचानक श्वास पुरेना, हातापायांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी झाली, आता मरतो असं वाटलं. इमर्जन्सीत सगळं नॉर्मल निघालं. तेव्हापासून सहा मजले जिन्याने चढतो. खोल श्वास घ्या म्हणतात, तसं केलं की उलट जास्त होतं.

उत्तर : उलटच होणार. त्या क्षणी तुमचा श्वास कमी पडत नव्हता, जास्त होत होता. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यामुळे गरगरतं, ओठ-बोटांना मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. त्यावर आणखी मोठे श्वास ओढणं म्हणजे आगीत तेल.

लक्ष श्वास सोडण्यावर द्या. तोंड मिटून नाकाने हळू आत, मनात चारपर्यंत मोजत. मग ओठ शीळ घालताना करतो तसे करून सहापर्यंत मोजत बाहेर. छाती फुगवायची नाही, हात बेंबीवर ठेवून तो हलतो का एवढंच बघायचं. पाच मिनिटं. हे ऐन झटक्यात पहिल्यांदा करून जमत नाही, म्हणून आधी पंधरा दिवस रोज सकाळ-रात्र बरं वाटत असताना करा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो घातक ठरतो.

अशा झटक्याचा जोर बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो, तुम्ही काही केलं नाहीत तरीही. पण तुम्ही जिना धरलात, त्यामुळे ‘लिफ्टमधून वाचलो’ एवढंच मेंदूने लक्षात ठेवलं. आज लिफ्ट, उद्या मेट्रो, मग सिनेमा. हे वर्तुळ इथेच तोडायला हवं, पण पायरीपायरीने. पहिले दोन दिवस उघड्या दाराच्या लिफ्टमध्ये नुसतं उभं राहायचं. मग सहकाऱ्याबरोबर एक मजला. मग एकट्याने एक, दोन, सहा. प्रत्येक वेळी भीतीला 0 ते 10 मध्ये गुण द्या, आणि गुण निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करा. लोक चुकतात ते इथे : भीती आठवर असताना बाहेर पडतात, आणि भीती आणखी पक्की होते. पाण्याची बाटली घट्ट धरून किंवा बायकोला फोनवर ठेवून केलेली फेरी सुरुवातीला चालेल. शेवटी त्यांच्याशिवाय व्हायला हवी. एकट्याने जमत नसेल तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे जा. साधारण आठ ते पंधरा बैठका, आठवड्याला एक, पाऊण तासाची, आणि दर वेळी घरचा अभ्यास. नुसत्या गप्पा होत असतील आणि अभ्यास मिळत नसेल तर तसं विचारा.

एक अपवाद. छातीतलं दुखणं चालताना-चढताना वाढत असेल, डावा हात, जबडा किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘हे नेहमीचंच’ म्हणून श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मेडिकलवाल्याने झोपेसाठी गोळी दिली. आधी अर्धी, आता रात्री एक आणि सकाळी अर्धी लागते. तिने लगेच शांत वाटतं. मध्ये दोन दिवस बंद केली तर हात थरथरले आणि आधीपेक्षा जास्त घाबरलो. मानसोपचारवाल्यांच्या गोळ्यांची सवय लागते म्हणून तिकडे जात नाही.

उत्तर : सवय लागायची ती लागून चुकली आहे. पट्टीवरचं नाव वाचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, इटिझोलाम यांपैकी काही असेल तर ती अर्ध्या-एक तासात शांत करते आणि हीच तिची अडचण : काही आठवड्यांत तेवढी मात्रा पुरेनाशी होते. दोन दिवसांत तुम्ही जे भोगलंत त्यात गोळी सुटल्याचा मोठा भाग होता. पुन्हा एकदम बंद करू नका, क्वचित फिटही येते. डॉक्टर ती दर एक-दोन आठवड्यांनी थोडी थोडी, काही महिन्यांत उतरवतात. शेवटचा पाव तुकडा सर्वांत चिवट असतो, तिथे घाई नको. तोवर दारू पूर्ण बंद. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

काळजीच्या आजारावर मुख्य औषध सहसा वेगळ्या गटातलं असतं, एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखं. त्याची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण ते लगेच काहीच देत नाही. असर दिसायला दोन ते सहा आठवडे, आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, डोकेदुखी, कधीकधी घालमेल उलट वाढते. बहुतेक लोक इथेच ‘औषध सोसलं नाही’ म्हणून सोडतात. म्हणून अगदी कमी मात्रेने सुरुवात करतात. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. संकोच न करता सांगा, औषध किंवा मात्रा बदलता येते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावं लागतं, आणि थांबवायचं तेही हळूहळू.

प्रश्न : माझी सून चार महिने घाबरते. दिवसातून दहा वेळा विचारते, ‘आई, मला काही होणार नाही ना?’ मी दर वेळी ‘नाही गं बाळ’ म्हणते. नातलग म्हणतात बाहेरचं असेल, दृष्ट काढा. काय करावं?

उत्तर : दृष्ट काढल्याने तिला बरं वाटत असेल तर काढा, मीठ-मोहरीने नुकसान नाही. तपासणी मात्र त्यापायी पुढे ढकलू नका, आणि गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

तुमचं ‘नाही गं बाळ’ मायेचं आहे, पण त्याचा परिणाम अर्धा तास टिकतो आणि ती परत विचारते. तिच्याशी निवांत बसून आधीच ठरवा : दिवसातून एकदा उत्तर द्यायचं. पुढच्या वेळी म्हणायचं, ‘काळजी पुन्हा आली वाटतं. चल, भाजी निवडू.’ रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं तिने सगळ्या काळज्या वहीत लिहाव्यात, एका बाजूला ज्यावर काही करता येईल त्या, दुसऱ्या बाजूला बाकीच्या. दिवसभरात काही सुचलं तर ‘संध्याकाळी’ म्हणून पुढे ढकलायचं. अंथरुणावर वही नको. घरात बाळ लहान असेल किंवा ती गरोदर असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर आजच डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न : तालुक्याच्या गावी राहतो. कुणाकडे जायचं? ऑफिसात कळेल का?

उत्तर : गोळी लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ गोळी देत नाही. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, नंबर विचारायला हरकत नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. सरकारी पर्याय म्हणजे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे केसपेपर काढला म्हणजे भरती करतात असं नव्हे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहायचं नसेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा.

आणि प्रवास, पैसे किंवा लाज यातलं काहीही आड येत असेल तर 14416 लावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, फुकट, मराठीतून. भाषा निवडली की समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. आतल्या खोलीत जाऊन लावा, म्हणजे बाहेर टीव्ही चालू असला तरी मोकळं बोलता येईल. आणि कागद-पेन जवळ असू द्या, कुठे आणि कोणत्या दिवशी जायचं ते सांगतील तेव्हा लागेल.