डिस्क टिकटिक करतेय? आधी प्लग काढ

मित्रा, हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज म्हणजे बहुधा हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, गेलंय. आता ती डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नकोस. चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासणी) नको, फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर तर मुळीच नको. बिघडलेलं हेड फिरत्या तबकडीवर घासलं की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि मग कोणाच्याच हातात काही उरत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कोणी सुचवला, तर लांबूनच नमस्कार कर.

डेटा काढून घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलास तर दुकानदाराला सरळ विचार, डिस्क उघडणार कुठे? इथेच की पुढे पाठवणार? क्लास १०० क्लीन रूम (जवळपास धूळ नसलेली खोली), निदान लॅमिनार फ्लो बेंच (गाळलेल्या हवेच्या झोतातलं टेबल) तरी हवं. डोनर डिस्क, म्हणजे जिचे भाग काढून तुझ्या डिस्कला लावतात ती, कशी जुळवता, हेही विचार. नुसतं ‘सेम मॉडेल’ म्हणाला तर उठायचं. ‘बोर्ड (डिस्कवरची सर्किटची पट्टी) बदलला की झालं’ म्हणणाराही नको. बऱ्याच डिस्कमध्ये बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते. ती नव्या बोर्डवर न्यावी लागते. चांगला माणूस आधी सेक्टर-बाय-सेक्टर इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, काढतो आणि पुढचं काम त्या इमेजवरच करतो.

पैशांचं लेखी घे. ‘डेटा नाही तर चार्ज नाही’ यात डोनरचा खर्च धरलाय का? उरलेले पैसे देण्याआधी फायलींची यादी माग आणि त्यातल्या दोन-चार मोठ्या फायली तिथेच उघडून बघ. नावं दिसतात, पण फाईल उघडत नाही, असंही होतं.

कुरिअर करणार असशील तर अँटीस्टॅटिक पिशवी आणि भरपूर बबल रॅप.