हवेत इंजिन बंद पडलं तर लगेच कंट्रोल-ई दाबू नका

भाऊ, तुमची तक्रार अशी, की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जी-१००० (डिजिटल पडद्यांचं कॉकपिट) वाली सेसना १७२ जळगावहून संभाजीनगरकडे नेताना अजिंठ्याच्या डोंगरावर इंजिन एकदम बंद पडतं. कंट्रोल-ई दाबलं की चालू होतं, आणि थोड्या वेळानं परत तेच. कोणीतरी तुम्हाला कार्ब्युरेटर हीट, म्हणजे हवा-इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा, लावायला सांगितलंय. ते विसरा. या विमानाचं इंजिन फ्युएल इंजेक्शनचं आहे. कार्ब्युरेटरच नाही, तर बर्फ धरणार कुठे?

कंट्रोल-ई सगळे खटके आपोआप जागेवर आणतं, म्हणजे दोष कुठं होता त्याचा पुरावाही पुसतं. त्यामुळे पुढच्या वेळी इंजिन गेलं की वेग ६८ नॉटवर धरा आणि पडद्याकडे बघा. आरपीएमच्या काट्यावर जाऊ नका, इंजिन मेलं तरी पंखा वाऱ्यानं फिरत राहतो. बघायचा तो फ्युएल फ्लो. तो शून्यावर असेल तर इंधनच पोचत नाहीये: मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणारा नॉब), शटऑफ व्हॉल्व्ह (इंधन तोडणारी झडप), नाहीतर रिकामी टाकी. फ्लो आहे पण ईजीटी (एक्झॉस्टच्या वायूचं तापमान) कोसळलंय, तर ठिणगी नाही. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची किल्ली बोथवर (दोन्हींवर) आहे का पाहा.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय मिक्श्चरवर आहे. धडधड न होता एकदम बंद, आणि चालू केलं की ठणठणीत, हे लक्षण त्याचंच. कॉकपिटमधला मिक्श्चरचा लाल नॉब बाहेर ओढलेला दिसला की समजा, तुमच्या जॉयस्टिकचा एखादा स्लायडर मिक्श्चरला जोडलेला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवली की दुपारपर्यंत टेबलावर धूळ साचते. ती स्लायडरच्या आत गेली की हात न लावताही तो उड्या मारतो. कंट्रोल्सच्या सेटिंगमध्ये ती जोडणी काढून टाका आणि मिक्श्चर माऊसनं हलवा. इंजिन टिकलं तर दोष सापडला. मग स्लायडरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. विमान पुन्हा इन्स्टॉल करण्याच्या भानगडीत पडू नका, त्यानं काही होत नाही.

लाइव्ह वेदर लावून मे महिन्याच्या दुपारी उडत असाल तर आणखी एक. ४३ अंशांत जळगावची घनता-उंची (तापून विरळ झालेल्या हवेत विमानाला जाणवणारी उंची) ४,००० फुटांच्या वर जाते. तिथं मिक्श्चर पूर्ण रिच (इंधन जास्तीत जास्त) ठेवलं की ताकद कमी पडते, इंजिन खडबडतं. पण त्यानं ते एकदम बंद पडत नाही. उड्डाणाआधी पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम सर्वात जास्त येईपर्यंत मिक्श्चर लीन, म्हणजे इंधन कमी, करून घ्या.

कार्ब्युरेटर हीटचा सल्ला खोटा नाही, विमान चुकलंय. पावसाळ्यात तापीच्या खोऱ्यात २५ अंश आणि दमट हवा असताना जुनी कार्ब्युरेटरवाली १७२ किंवा चेरोकी कमी पॉवरवर उतरवत असाल, तर बर्फ नक्की धरू शकतो. तेव्हा आरपीएम हळूहळू घसरतो. चेरोकीत टाकी डावी किंवा उजवी अशीच निवडावी लागते, बोथ नसतं. एक संपली की दुसरीवर जायचं आपणच लक्षात ठेवायचं.

एवढं करूनही बंद पडलं, तर कंट्रोल-ई दाबण्याआधीचा स्क्रीनशॉट टाका. फ्युएल फ्लो, ईजीटी आणि लाल नॉब, तिन्ही त्यात दिसले पाहिजेत.