कीबोर्डवाल्याने सही करण्याआधी

तू इथे लिहिलेलं वाचलं आणि काल रात्री बराच वेळ जागा राहिलो. गाण्याच्या सुरुवातीची धून तू ऑर्गनच्या पॅचवर, म्हणजे कीबोर्डमध्ये साठवलेल्या ऑर्गनच्या आवाजावर, बसवलीस, कॉलेजांतली मुलं ती ऐकूनच ओरडायला लागतात, आता एक कंपनी ते गाणं घेतेय, आणि गायक-गिटारिस्ट म्हणतात, ‘तू अरेंजमेंट, म्हणजे वाद्यांची मांडणी केलीस, गाणं आमचं.’ तुझ्या हातात ‘सेशन म्युझिशियन’, म्हणजे पैसे घेऊन फक्त वाजवून देणारा, असा वेगळा एकपानी कागद दिलाय, सोमवारी सही हवीय. एवढ्यासाठी बँडमध्ये भांडण काढायचं का, असं तू विचारतोस. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

कीबोर्ड कुठला घ्यावा, नोकरी करत वाजवावं की सोडून, हे सांगणारे खूप आहेत. मी फक्त त्या कागदाबद्दल लिहितो, कारण २०११ साली तसाच कागद माझ्यापुढे आला आणि मी सही केली.

आम्हीही तुमच्यासारखे पाच जण. कोथरूडला एका गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस चालायची. गिटारिस्टकडे चार कॉर्ड होत्या, गायकाकडे शब्द, पण गाणं काही उभं राहत नव्हतं. एका दुपारी मी उजव्या हाताने एक ओळ वाजवली आणि ड्रमर आपोआप त्यावर आला. पुढे तीच ओळ गाण्याची ओळख झाली. कंपनीचा कागद आला तेव्हा आमचं साऊंडचेक चालू होतं. चार हजार रुपये, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’. कीबोर्डच्या केसवर कागद ठेवून सही केली. वाचला नाही. एक प्रतसुद्धा मागून घेतली नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘अरे, टीव्हीवर तुझं वाजतंय!’ एक जाहिरात होती. त्यात गायकाचा आवाज नव्हता, गिटार नव्हती. बारा सेकंद फक्त माझी ऑर्गनची ओळ. मला एक रुपया आला नाही, माझं नाव कुठे नव्हतं.

त्यानंतर त्या ऑफिसच्या पाच फेऱ्या केल्या. सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरायचं, लोकलने अंधेरी. कंपनीचं नाव घेत नाही. दर वेळी नवा माणूस भेटायचा आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचो. पाचव्या फेरीला एकजण म्हणाला, ‘नोटेशन लिहिलेलं आहे का? नाही? मग तुम्ही कंपोझर नाही.’ हे मी खरं मानलं आणि परत आलो. सहीपेक्षाही मला हे जास्त लागतं, कारण ते साफ चुकीचं होतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराची व्याख्याच अशी आहे की संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते कागदावर उतरवलेलं असो वा नसो. एवढं वाक्य तेव्हा माहीत असतं तर मी तिथून उठलो नसतो. प्रॅक्टिसची रेकॉर्डिंग्ज होती ती जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन मी विकून बसलो होतो.

मी वकील नाही. खालचं वाचून एखाद्या कॉपीराइट बघणाऱ्या वकिलाला एक तास गाठ, फी जाऊ दे. तुझ्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रचनाकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देताच येत नाही. तसा करार केला तरी तो रद्दबातल. माझी सही त्याच्या आधीची. पण हे संरक्षण संगीतकाराला आहे, म्हणून त्या कागदावरचा ‘सेशन म्युझिशियन’ हा शब्द मला सगळ्यात घातक वाटतो. तो कापून ‘सह-संगीतकार’ लिहायला लाव. मुदत आणि प्रदेश हेही बघ. करारात काही लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत धरतो, म्हणूनच तिथे ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं घालून ठेवतात.

‘धून बसवली म्हणजे गाणं रचलं का?’ असं तुझा गिटारिस्ट म्हणेल. त्याला मॅथ्यू फिशरचं उदाहरण दे. १९६७ चं ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे इंग्रजी गाणं. तो प्रोकॉल हॅरम या ब्रिटिश बँडमध्ये आला तेव्हा गाणं लिहून झालेलं होतं, हॅमंड ऑर्गनवरची धून त्याची, श्रेय इतरांचं. त्याने दावा लावला २००५ मध्ये. २००६ ला लंडनच्या हायकोर्टाने संगीतात ४० टक्के वाटा दिला, २००८ ला अपिलात ‘फार उशीर केलास’ म्हणून पैशांचा हक्क गेला, २००९ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिकडच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, तो परत दिला. पण दाव्याआधीच्या अडतीस वर्षांचे पैसे गेले ते गेलेच. तिकडचा कायदा इकडे लागू नाही, मान्य. तरी कीबोर्डवाल्याची ओळ ही रचना असू शकते, हे त्यातून स्पष्ट होतं.

आणि पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवाला रिचर्ड राइट बघ. मूळ बँडपैकी एक, तरी १९७९ च्या सुमारास त्याला बाहेर पडावं लागलं आणि पुढच्या दौऱ्यात तो पगारावर वाजवत होता. कीबोर्डवाल्याला ‘भरणा करणारा’ समजण्याची खोड जुनी आहे. मला तिची मनापासून चीड आहे.

बँड मोडेल म्हणतोस. आमचा न बोलल्यामुळे मोडला. मी दोन वर्षं मनात ठेवून वाजवलं, आणि आता त्या चौघांपैकी एकाशीच बोलणं आहे. माझं मत विचारशील तर संगीताचे पाच समान वाटे करा आणि शब्दांचं श्रेय लिहिणाऱ्याला वेगळं द्या. काहींना हे पटणार नाही. टक्के कितीही ठरोत, पण ते प्रॅक्टिसच्या खोलीत ठरवा, कंपनीच्या टेबलावर नको.

जाता जाता, तुझ्या पॅचची फाइल आणि सगळी जुनी रेकॉर्डिंग्ज आजच दोन ठिकाणी उतरवून ठेव. फाइलींच्या तारखा बदलू देऊ नकोस. सूर लांबवणारं सस्टेन पेडल उलटं चालतं म्हणालास ना, ते जोडून मगच कीबोर्ड चालू कर, बहुतेक तेवढंच असेल. डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्ड साऊंड सिस्टिमला जोडायची डबी, स्वतःचा घे.

आज रात्री चौघांना एक मेल टाक. धून कधी, कुठे, कोणासमोर सुचली ते साध्या शब्दांत लिही, पहिलं रेकॉर्डिंग जोड आणि शेवटी विचार, ‘हे बरोबर आहे ना?’ एकाने जरी ‘हो’ लिहिलं तरी तो लेखी पुरावा झाला. सोमवारी एकटा जाऊ नकोस. तिथे सही करायची नाही, करार घरी आणायचा, आणि ‘आजच हवी’ म्हणाले तर प्रत घेऊन निघायचं. वाचताना कुठलं कलम अडलं तर इथे लिही, मी रात्री नऊनंतर असतो.