पाडव्याची वही आणि डिसेंबरातली झोप

“मॅडम, दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी हुकतं. माझ्यातच काही कमी आहे का?”

मी समुपदेशक आहे, आणि छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न माझ्याकडे डिसेंबरात आणि मार्चअखेरीला हमखास येतो. कुणी म्हणतं शिस्त नाही, कुणी म्हणतं नशीब नाही, पण दुखणं तेच. एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा मसाल्याचा धंदा. कांदा-लसूण मसाला, मिरची पूड, हळद, आणि उन्हाळ्यात लोकांची मिरची कांडून द्यायची. सासूबाईंनी एका यंत्रावर सुरू केलेलं काम त्यांच्यामागे ताईंनी तीन यंत्रांवर नेलं. मिस्टर साखर कारखान्यात नोकरीला. ताईंना पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत आकडेमोड. त्यांच्या डॉक्टरांनी थायरॉइड, साखर, रक्तदाब सगळं तपासलं, काही निघालं नाही, तेव्हा माझ्याकडे पाठवलं. हा क्रम बरोबर आहे. झोप गेली की आधी शरीर तपासून घ्यावं.

पहिल्या भेटीत त्या धंद्याबद्दल फारसं बोलल्याच नाहीत. कामाच्या बायकांवर ओरडते, मुलाच्या शाळेची मीटिंग विसरले, मिस्टरांनी “काय झालं?” विचारलं तरी अंगावर जाते, असं सांगत राहिल्या. शेवटी उठता उठता म्हणाल्या, “वर्ष संपलं हो. चाळीस लिहिलं होतं, एकतीसवर अडकलं.”

हे चाळीस म्हणजे वर्षाची चाळीस लाखांची विक्री. दर दिवाळी पाडव्याला वहीपूजन झालं की नव्या लाल वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षभराचे संकल्प लिहायच्या. पुढच्या वेळी येताना गेल्या चार-पाच वर्षांच्या वह्या आणा, असं मी सांगितलं. वह्या आल्या, पण पिशवीतून बाहेर निघायला बराच वेळ लागला. ताई म्हणाल्या, “हे मिस्टरांनीपण पाहिलेलं नाही.”

त्या वर्षीच्या पानावर वर ‘श्री’, खाली सात ओळी होत्या. विक्री चाळीस लाख. पुण्यात दुकान. पॅकिंग मशीन. ऑनलाइन विक्री. बँकेचं कर्ज पूर्ण फेडणे. आठ किलो वजन कमी. आणि शेवटी, ‘चिडायचं नाही’. हे वाचून मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि खोलीतला ताण जरा उतरला.

मी विचारलं, चाळीसच का? बेचाळीस का नाही, पस्तीस का नाही? त्यांना सांगता येईना. मग आठवलं. माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या वर गेली की साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची होते. त्यामुळे त्यांच्या ओळखीच्या धंदेवाल्यांत हा आकडा सारखा कानावर येतो, आणि कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं, “चाळीसच्या वर गेलात की तुम्ही मोठे.” सरकारनं करासाठी आखलेली रेघ या बाईंनी स्वतःची लायकी मोजायला घेतली होती. तिच्यासाठी त्या रोज पहाटे तीनला उठत होत्या.

ध्येयं ठरवण्यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालेलं आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक वर्षं केलेल्या अभ्यासातून दिसलं, की ‘जमेल तेवढं करू’पेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेतं. व्यवसायाच्या व्याख्यानांत हा अर्धा भाग नेहमी सांगतात. उरलेला अर्धा असा, की त्यासाठी ते ध्येय माणसाला मनापासून पटलेलं असावं लागतं, ते गाठायची क्षमता आणि साधनं हाताशी लागतात, आणि आपण कुठवर आलो हे वाटेत कळत राहावं लागतं. नोकरदाराला हे सांगायला निदान एखादा साहेब तरी असतो. छोट्या मालकाला कुणीच नसतं. वही पाडव्याला लिहिली जाते आणि थेट वर्ष सरल्यावर उघडते, म्हणजे मधल्या वर्षभरात काही बदलता येईल अशी वेळच तिच्यात नाही.

आपल्याकडे तर नव्या वर्षांची चंगळ आहे. दिवाळी पाडवा, एक जानेवारी, गुढीपाडवा आणि एक एप्रिल. अशा वळणाच्या दिवशी माणसाला नव्यानं सुरुवात करायचा हुरूप येतो, यावर २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यासही छापून आला आहे. हुरूप खरा असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या हुरुपात लिहिलेलं पान तपासलं जातं ते थकलेल्या मनानं, डिसेंबरातल्या एखाद्या रात्री, आणि मग निकाल एकच लागतो.

जुन्या वह्या आम्ही एकत्र वाचल्या. मी एक नियम घातला, की कुठल्याही ओळीवर नुसती फुली मारायची नाही. प्रत्येक ओळीपुढं तीनपैकी एक लिहायचं: ‘झालं’, ‘उशिरा झालं’ किंवा ‘हे माझं नव्हतंच’. इथं गंमत झाली. तिसरं यंत्र घेणं २०२१च्या पानावर होतं आणि यंत्र आलं २०२३मध्ये. २०२१ला ते न झालेलं म्हणून मनात नोंदलं गेलं. २०२३च्या पानावर ते लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे आलं तेव्हा त्याचं श्रेय कुठेच जमा झालं नाही. अशा ओळी बऱ्याच सापडल्या. कामाला किती वेळ लागेल हे माणूस सतत कमी धरतो, हे काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच मांडलं होतं, आणि आपल्याच मागच्या अनुभवावरूनही आपण शिकत नाही. ताईंचा हिशेब उशीर झालेल्या प्रत्येक कामाला शून्य गुण देत होता.

‘हे माझं नव्हतंच’ या खणात पहिली गेली ती ऑनलाइन विक्री. ती धाकट्या दिरांची कल्पना. भाऊजी पुण्यात आयटीत आहेत, सणाला येतात आणि वहिनींना पुढचा मार्ग दाखवून जातात. प्रेमानंच दाखवतात, पण रोजची पार्सलं बांधणार कोण, हे त्यात नसतं. ती ओळ ताईंनी आनंदानं खोडली.

पुण्याच्या दुकानाच्या ओळीवर मात्र पेन थांबलं. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “सासूबाई म्हणायच्या, पुण्यात आपल्या नावाची पाटी लागली पाहिजे.” आणि रडल्या. दुकानाचं भाडं, माणसं, येणं-जाणं, यातलं काहीच जमणारं नाही हे त्यांना पूर्ण माहीत होतं. ओळ खोडली तर सासूबाईंना नाही म्हटल्यासारखं होणार होतं. म्हणून दर पाडव्याला ती ओळ पुन्हा लिहायची आणि दर डिसेंबरात तिच्यापायी स्वतःला नापास करायचं. माणसं ज्याला ‘माझं ध्येय’ म्हणतात, त्यात गेलेल्या माणसांच्या इच्छा किती असतात हे मला या कामात वारंवार दिसतं. त्यांना खोडायला सांगणं मला योग्य वाटत नाही. आम्ही ती ओळ वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, वर मथळा ‘सध्या नाही’, पुढे तारीख नाही. त्या पानाचा आढावा घ्यायचा नाही, असंही ठरलं.

मग प्रश्न आला, की या वर्षी लिहायचं काय. ताई पुढच्या वेळी नवी यादी करून आल्या. अकरा कलमं, दोन रंगांच्या पेनांनी! मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, मागच्या वर्षी विक्री एकतीसवर थांबली ती नेमकी कशामुळे? आता त्या मसालेवाल्या बाई म्हणून बोलायला लागल्या, आणि मला ऐकतच राहावंसं वाटलं. नवी मिरची बाजारात येते तेव्हा भरून ठेवावी लागते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला वेगळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात रोख असेल तर निवडून, कोरडी मिरची मिळते. चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाचा मसाला होतो, तेव्हा गिऱ्हाईक थांबत नाही. मागच्या वर्षी त्यांना खरेदीला उशीर झाला, मिरची महाग पडली आणि कमी आली. उशीर का? पैसे दुकानदारांकडे अडकले होते. साडेतीन लाखांची उधारी.

म्हणजे चाळीस लाखांच्या मागे लागून दुकानदारांना उधारीवर माल भरत राहिल्या, आणि त्याच उधारीनं पुढचा हंगाम खाल्ला. हे त्यांच्याच तोंडून आलं, मी फक्त कागदावर लिहून दाखवलं.

त्यानंतर अकरांच्या जागी दोनच कलमं राहिली. पहिलं, जानेवारीअखेर दुकानदारांकडचं येणं एक लाखाच्या आत आणायचं. दुसरं, स्वतःसाठी दरमहा पंधरा हजार वेगळ्या खात्यात. हे दुसरं सुचवलं मी. दोन बैठका झाल्या तरी, धंद्यातून तुम्हाला काय मिळतं, याचं उत्तर त्यांना देता आलं नव्हतं. गल्ल्यातून किराणा, गल्ल्यातूनच फी, नंदेच्या घरचा आहेरही तिथूनच. त्यांच्या सीएंनी सांगितलं, की एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार आयकराच्या हिशेबात खर्च धरला जात नाही, ती मालकानं धंद्यातून घेतलेली उचल असते. चालेल, आम्हाला वजावट नको होती. वर्षाच्या शेवटी ‘मी काय मिळवलं’ याला पासबुकात दिसणारं उत्तर हवं होतं. मिस्टर म्हणाले, “घरच्याच धंद्यात पगार कसला?” त्यांनाही एकदा बोलावून घेतलं. ते रागावलेले नव्हते, त्यांना फक्त हे कधी सुचलं नव्हतं.

आढाव्याच्या तारखा आम्ही कॅलेंडरच्या वर्षावरून नाही, धंद्याच्या हंगामावरून घेतल्या. पहिला आढावा जानेवारीच्या शेवटी, मिरची खरेदीच्या तोंडावर. दुसरा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, भर हंगामात, तोही फक्त पंधरा मिनिटांचा. तिसरा मृग लागल्यावर, कांडप थांबल्यावर, निवांत. आणि चौथा दसऱ्याआधी, म्हणजे पाडव्याच्या पानाला कच्चा मजकूर तयार. डिसेंबरात काहीही तपासायचं नाही. त्यांच्या धंद्यात डिसेंबरात असं काही घडतच नाही ज्यावरून वर्षाचा निकाल लावावा. टेलरिंग, केटरिंग किंवा शाळेच्या साहित्याचं दुकान असेल तर तारखा अर्थातच वेगळ्या येतील.

उधारीचं सोपं गेलं नाही. छोट्या उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, अशी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात तरतूद आहे. तेवढ्यात दिले नाहीत तर चक्रवाढ व्याजही लागतं. ताईंची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, होती, सीएंनी हे सगळं समजावलं. पण चौकातल्या किराणावाल्याला कायदा दाखवला तर तो माल घेणं बंद करेल, हेही तितकंच खरं. ताईंनी बिलावर पैसे देण्याची तारीख छापून घेतली आणि जुनं येणं मिटल्याशिवाय नवा माल द्यायचा नाही, असं ठरवलं. पहिल्याच महिन्यात एक जुना दुकानदार तुटला. त्या रात्री पुन्हा तीनला जाग आली, दुसऱ्या दिवशी फोनही आला. मी एवढंच विचारलं, त्याच्याकडे किती अडकले होते? “सत्तर हजार.” मग त्याच हसल्या.

जानेवारीअखेर येणं एक लाख तीस हजारांवर आलं, म्हणजे ठरवल्यापेक्षा तीस हजार जास्तच राहिलं. वहीत त्यांनी लिहिलं, ‘उशिरा, पण येतंय’. मिरची वेळेवर भरली. वर्षाची विक्री चाळीसच्या जवळपासही गेली नाही, तेहेतीसपर्यंत पोचली. चिडणं कमी झालं, वजन तेवढंच आहे.

अशी तक्रार असलेल्या प्रत्येकाला समुपदेशकाची गरज नसते. पुष्कळांचं काम एक चांगला सीए आणि खरं बोलणारा एक मित्र यांवर भागतं. पण दोन आठवड्यांच्या वर झोप किंवा भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि आधी मदत घ्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथं मराठीतही बोलता येतं.

ताई आता माझ्याकडे नेमानं येत नाहीत, मृगाच्या आढाव्यानंतर एक फोन करतात. यंदाच्या फोनवर मिस्टरही होते. पंधरा हजारांचे अठरा करायचे, असं ताईंचं म्हणणं, आणि दिवाळीचा माल जाऊ दे, मग बघू, असं मिस्टरांचं. दसऱ्याच्या आढाव्यात हा विषय पहिला घ्यायचा, एवढं दोघांनी मान्य केलं आहे.